वाताचा ढोल

निकिताने केवळाबाईचा पदर अलगद मागे सारला आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवला. शेळ्यांच्या दावणीपुढे, पोत्यावर पाय पसरून बसलेली केवळाबाई आता विमान उडवायला निघाल्यासारखी दिसत होती.

निकिता परभणीच्या कॉलेजातून झरीजवळच्या या वस्तीवर आली होती ती केवळाबाईच्या नवऱ्याच्या, येडबाच्या ढोलासाठी. येडबाच्या पणज्याने कोरलेला ढोल. गुडघ्यात वात भरला की माणसाला त्याच्यापुढे बसवायचं आणि वात उतरेपर्यंत वाजवायचं, ही या घराची विद्या. वात ढोलाच्या आवाजाने उतरतो, की हा बडवणारा एकदाचा थांबावा म्हणून, एवढंच शास्त्राला ठरवायचं होतं. आता गावचे गुडघे डॉक्टरकडे जात. ढोलाला गिऱ्हाईक एकच उरलं होतं, घरचं.

येडबाच्या मिशीवर एके काळी लिंबू ठरायचं. काही वर्षांमागे उकडतंय म्हणून त्याने ती साफ उतरवली, तेव्हा निम्मी वस्ती सांत्वनाला येऊन गेली होती.

आधी नुसतं रेकॉर्डिंग ऐकवायचं, मग खरा ढोल, आणि दोन्ही वेळा दुखणं किती उरलं ते विचारायचं, असा बेत होता. दुखण्याला मार्क द्यायला केवळाबाई तयार होईना, तेव्हा आण्यांवर तडजोड झाली. सध्या रुपयातले बारा आणे दुखत होतं.

तिने डोळे मिटले. मान डोलवली. मांडीवर बोटांनी ताल धरला.

"लय ब्येस," ती म्हणाली. "चार आणे तर गेले बघ."

निकिताने मोबाईलकडे पाहिलं. रेकॉर्डिंग अजून सुरूच केलेलं नव्हतं.

हेडफोन काढून तिने तसं सांगितलं. केवळाबाई तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. ओठ थांबले तसा तिचा चेहरा उतरला. पलीकडे येडबा पाठमोरा बसून ढोलाच्या दोऱ्यांशी खटपट करत होता. तिने निकिताचं मनगट धरून तिला जवळ ओढलं.

"त्येंला सांगू नको, माय. कान गेलेत माजे. कवाच गेलेत. कळलं तर म्हणतील, आता कुणासाटी वाजवू? ढोल सुटला तर त्यो मानूस बसल्या जागी वाळून जाईल."

हे तिने कुजबुजत सांगितलं. म्हणजे तिच्या अंदाजाने कुजबुजत. दावणीच्या शेळ्यांनी रवंथ थांबवून माना वर केल्या.

येडबाची पाठ हलली नाही. बांधलेली गाठ त्याने सोडली आणि पुन्हा बांधली.

मग तो ढोल घेऊन आला. दोऱ्या इतक्या सैल का, कातडं जाळावर शेकत नाही का, निकिताने विचारलं. येडबाने उत्तर दिलं तिला, पण तोंड केवळाबाईकडे करून.

"ताणला की आवाज पार शिवेपातूर जातो. मला लांब कुटं धाडायचाय? सैल सोडला की हितल्या हितं घुमतो."

आणि ढोलाचं लाकूड बायकोच्या गुडघ्याला टेकवून त्याने काठी हाणली.

केवळाबाईने डोळे मिटले. यावेळी तिची बोटं बरोबर ठेक्यावर पडत होती. निकिताने आवाज मोजायचं यंत्र बाजूला ठेवलं आणि तळहात ढोलाच्या अंगाला लावून पाहिला.

वाजवून झाल्यावर येडबा सावलीतून उन्हात आला आणि बायकोच्या समोर उकिडवा बसला.

"किती आणे ऱ्हायलं?" एकेक शब्द सुटा करून त्याने विचारलं.

केवळाबाई त्याच्या गुळगुळीत वरच्या ओठाकडे बघत राहिली, आजच पहिल्यांदा बघितल्यासारखी. मग पदराने नाक पुसलं.

"मिशी ब्येस दिसायची तुमाला," ती म्हणाली.

"उकडतंय," येडबा म्हणाला.

पौष चालू होता. खांद्यावरचं घोंगडं त्याने आणखी आवळून घेतलं.