धरमसिंगच्या खोलीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझ्या पाठीवर हिरवा गंज चढला आहे, कडी जराशी वाकली आहे आणि किल्ली फिरवली की मी कुरकुरतो. वाशीमला धरमसिंगांच्या घरात, खिडकीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. घरी येणारी मुलं मला उचलून पाहतात आणि विचारतात, हे मोडकं कुलूप कशाला ठेवलं? धरमसिंग हसतात आणि मला परत फळीवर ठेवतात. ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

माझा जन्म दूर उत्तरेत झाला. एका कारागिराने मला ओतलं, कानशीने घासलं, पोटात चाप बसवला आणि गोणीत टाकून दिलं. तिथून मी कारंज्याच्या बाजारात, एका लोखंडी सामानाच्या दुकानात आलो. खूप दिवस मी तिथे दोरीला टांगलेला होतो. खेड्यातल्या घरांना कडी पुरत असे; माझ्याकडे कोण बघणार?

एका बाजाराच्या दिवशी उदयसिंग आले. कामरगावजवळच्या तांड्यात त्यांचं घर होतं. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत. आगगाडी आली, तो धंदा बसला आणि तांडा एका जागी स्थिरावला. उदयसिंगांचा मुलगा धरमसिंग मॅट्रिक पास झाला होता. तांड्यात आजवर कोणी एवढं शिकलं नव्हतं. तो नागपूरच्या कॉलेजात जाणार होता आणि उदयसिंगांना कोणीतरी सांगितलं होतं, की शहरात मालक खोली देतो, पण कुलूप आपलं न्यावं लागतं. त्यांनी मला इतक्या वेळा उघडून आणि लावून पाहिलं, की दुकानदाराला हसू आलं. मला मात्र फार बरं वाटलं. आता आपल्याला काम मिळणार, असं मी मनाशी म्हटलं.

कारंज्याहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर, असा आमचा प्रवास झाला. धरमसिंगाजवळ पुस्तकांची एक पेटी आणि एक वळकटी होती. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो.

कॉलेजात नाव लागलं. पण वसतिगृहातल्या जागा आधीच भरल्या होत्या, आणि एखादी उरली असती तरी तिथला खर्च उदयसिंगांच्या शेताला झेपला नसता. मग धरमसिंग गल्ल्यांतून खोली शोधत फिरू लागला. दारावर थाप दिली की आतून कोणीतरी येई, त्याचा स्वच्छ सदरा पाहून नीट बोले, खोलीही दाखवी. नंतर विचारणा होई, तुम्ही कोणते? धरमसिंग सांगे, आम्ही बंजारे. मग त्याच घरात अचानक कोणाचे तरी पाहुणे यायचे ठरलेले असत, किंवा खोली परवाच कोणाला तरी कबूल केलेली असे. काही जण एवढंही बोलत नसत. दार लावून घेत. काही ठिकाणी खोली मिळत होती, पण भाडं ऐकूनच तो पायऱ्या उतरे.

रात्री तो धर्मशाळेत झोपला. तिथे फार दिवस राहू देत नसत. मग स्टेशनच्या बाकावर आणि एका देवळाच्या ओट्यावर दिवस काढले. पेटी सोडून जाता येईना, म्हणून वर्ग बुडू लागले. पेटी डोक्यावर घेऊन तो एकदा वर्गात गेला, तेव्हा मुलं हसली. चालताना त्याचा हात खिशात जाई आणि तो मला मुठीत घट्ट दाबून धरी. मुठीला घाम असे. मी त्याचा होतो, पण त्याच्या काहीही कामाचा नव्हतो.

शेवटी दौलतराव नावाच्या एका निवृत्त कारकुनांच्या घरी जिन्याखालची खोली निघाली. नाव ऐकून दौलतराव स्वतःच म्हणाले, "धरमसिंग? म्हणजे रजपूत दिसता." धरमसिंगाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दौलतरावांनी खोली दिली.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. सकाळी मी दाराला लागे, संध्याकाळी किल्ली माझ्या पोटात फिरे. आठवड्याला तो मला तेलाचा थेंब देई. दौलतरावांच्या पत्नी शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, की मुलगा टापटिपीचा आहे, कुलूप कसं चकचकीत ठेवतो बघा. धरमसिंग पहिल्या चाचणीत वर आला. पण गल्लीत कोणी बंजाऱ्यांचं नाव काढलं, की तो मान खाली घालून आत जाई. त्याचं जेवण कमी झालं होतं. दाराबाहेर राहूनही मला ते कळत होतं.

माघ संपता संपता त्याची आई आली. रामीबाई. परीक्षा जवळ आली, लेकराच्या पोटात तूप जावं म्हणून ती गावाहून विचारत विचारत आली होती. अंगात आरसे लावलेली चोळी, रंगीत घेरदार फेटिया म्हणजे घागरा, मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बलया, म्हणजे बांगड्या. ती माझ्याखाली, उंबऱ्याशी बसली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघू लागल्या. दौलतरावांच्या पत्नीही आल्या.

धरमसिंग कॉलेजातून आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबला. दौलतरावांच्या पत्नी वाईट नव्हत्या. त्यांनीच त्याला सुटायची वाट काढून दिली. म्हणाल्या, "गावाकडची कामवाली आली वाटते तुमच्या वावरातली?"

एक शब्द पुरेसा होता. खोली राहिली असती, परीक्षा झाली असती. धरमसिंगाने रामीबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला सगळं कळलं होतं, कारण ती मान हलवून त्याला हो म्हण, हो म्हण असं खुणावत होती.

तो पुढे आला, सगळ्यांच्या देखत खाली वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. "ही माझी याडी आहे," तो म्हणाला. "माझी आई."

दौलतराव संध्याकाळी खाली आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी सांगितलं, की मुला, तुझ्यावर माझा राग नाही, पण मला याच गल्लीत राहायचं आहे आणि मुलीचं लग्न करायचं आहे. दिवस मावळायच्या आत जागा मोकळी कर. धरमसिंगाने परीक्षेपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग धरमसिंगाने मला कोयंड्यातून काढलं.

पुन्हा तीच दारं, तेच प्रश्न. आता तर बरोबर रामीबाई होती. विचारायचीही गरज पडत नव्हती. शेवटी गावाबाहेर, जिथे कापसाच्या गाड्या सोडत तिथे, एका कडुनिंबाखाली तिने तीन दगड मांडले. आई-लेक आपसात तांड्याच्या बोलीत बोलत; मी ते तुम्हाला समजेल असं सांगतो. ती म्हणाली, आपले वाडवडील असेच राहत, तू वाच. तो झाडाला टेकून वाचू लागला. पण तिथे एक शिपाई आला. बंजाऱ्यांनी शहराजवळ मुक्काम करायचा नाही, असं तो म्हणाला. धरमसिंगाने त्याला कॉलेजचा कागद दाखवला. शिपायाने कागद पाहिला, परत दिला आणि पायाने चूल मोडली. ते दुसऱ्या झाडाखाली गेले. तिथूनही उठवलं.

तिसऱ्या ठिकाणी भर दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा आल्या. रामीबाई पेटीवर पालथी पडली. तरी पाणी आत शिरलं. गारा थांबल्या तेव्हा पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि वहीतली शाई वाहून गेली होती. धरमसिंग चिखलात उभा राहिला. त्याने खिशातून मला काढलं आणि जोरात भिरकावलं. मी बाभळीच्या झुडपात जाऊन पडलो. माझी कडी वाकली ती तेव्हा.

"कुलूप कायले पायजे मले?" तो म्हणाला. "घरच नाई तं लावू कोनाले? चाल याडी, गावाले जाऊ. आपल्यासाठी नाई हे."

रामीबाईने काट्यांत हात घालून मला शोधलं, ओढणीने पुसलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाली, "आज तू पळाला, तं तांड्यातलं दुसरं लेकरू इकडे येनार नाई. म्हनतील, धरमले जमलं नाई, आपल्याले काय जमते. मी नाई येत. तुले जायचं तं जा."

तो तिथेच चिखलात बसला आणि रडला. मोठा माणूस एवढा रडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

जवळच तुळसाबाई नावाच्या एका विधवेचा म्हशींचा गोठा होता. ती दूध घालायची. बोलायला तुटक बाई. तिने हे सारं दुरून पाहिलं असावं. ती आली आणि रामीबाईला म्हणाली, "म्हशी चार हायेत माह्या. जागा सहाची हाये. भिजून काहून राह्यल्या? या."

तिने जात विचारली नाही. भाडंही विचारलं नाही. शेण काढायचं, एवढंच सांगितलं.

असा गोठ्याचा अर्धा भाग मिळाला. तीन बाजूंना भिंत आणि समोर उघडं. दार नव्हतं. पहिल्याच दिवशी ते दोघं नळावर गेले असता धरमसिंगाचा कोट आणि दोन पुस्तकं कोणीतरी उचलून नेली. त्यानंतर रामीबाई हलली नाही. तो कॉलेजात असे तेवढा वेळ ती पेटीजवळ बसून राही. घरी कापसाची शेवटची वेचणी तशीच राहिली, सणवार गेला, तरी ती राखण करत बसली. मी तिच्या पदरात होतो. कुलपाचं काम ती बाई करत होती आणि मी नुसता बांधलेला होतो. मित्रांनो, याहून मोठी लाज कुलपाला कोणती?

परीक्षेच्या आठवड्यात धरमसिंगाला ताप भरला. तो तापात पेपर लिहायला जाई आणि परत येऊन म्हशीच्या दावणीशी पडून राही. शेवटच्या पेपरला त्याला उठताच आलं नाही. निकाल लागला तेव्हा तो नापास होता.

उन्हाळ्यात ते गावी आले. धरमसिंग वखरामागे जाऊ लागला. पुन्हा जायचा विषय निघाला, की तो म्हणे, अभ्यासाची मला भीती नाही, पण याडीला आणखी एक वर्ष उघड्यावर राखणीला बसवणार नाही. उदयसिंग समजावून थकले, तांड्याचे नायक सेवादासही थकले. मी खुंटीवर लटकत होतो. आपला जन्म वाया गेला, असं मला वाटू लागलं.

मृगाआधी एका सकाळी ठोकण्याचा आवाज आला. धरमसिंग शेतातून धावत आला. उदयसिंग आणि रामीबाई मिळून घराचं दार काढत होते. सागवानी, जुनं, घरातली एवढीच एक भारी वस्तू. चौकटीसकट त्यांनी ते बाहेर ओढलं आणि बैलगाडीत आडवं टाकलं.

"हे काय करून राह्यली तू?" धरमसिंगाने विचारलं.

"तुळसाबाईच्या गोठ्याले दार नाई," रामीबाई म्हणाली. "म्हनून मले बसा लागते. दार लावलं तं मी घरी, तू कॉलेजात."

"अन् आपल्या घराले?"

"तांड्यात कोन कोनाचं चोरते?"

त्याने गाडीचं जू धरून ठेवलं. तिने त्याचा हात बाजूला केला, खुंटीवरून मला काढलं आणि त्याच्या हातात दिलं. मला मुठीत धरून तो गाडीत चढला.

अमरावतीच्या रस्त्याने आम्ही कित्येक दिवस चालत होतो. वाटेत लोक विचारत, दार विकायला चाललात का? उदयसिंग सांगत, नाही, लेकराच्या शाळेला चाललं. नागपुरात तुळसाबाईने दार पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि लगेच गवंडी बोलावला. दार बसलं, कोयंडा बसला. रामीबाईने स्वतःच्या हाताने मला लावलं, ओढून पाहिलं, किल्ली धरमसिंगाला दिली आणि पेरणी खोळंबली म्हणून गाडी तशीच माघारी वळवली.

त्या वर्षी धरमसिंग पास झाला, आणि पुढेही होत गेला. मग तांड्यातली आणखी मुलं त्याच दारामागे राहून शिकली. मी वाकड्या कडीने का होईना, सगळ्यांचं सामान राखलं.

मित्रांनो, मला तेल द्या, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात एखादी खोली रिकामी असेल आणि कोणी पुस्तकं घेऊन दारात उभं असेल, तर त्याला आधी आत घ्या; नाव मागून विचारता येतं. कारण बाहेर उभं राहणाऱ्याच्या मुठीत काय असतं, ते मी आतून पाहिलं आहे.

कामरगावजवळच्या त्या घराला नंतर कितीतरी वर्षं दार नव्हतं. पोत्याचा पडदा होता. थंडीत वारा सरळ चुलीपर्यंत येई, हे धरमसिंगाला शेजाऱ्यांनी सांगितलं. रामीबाईने कधीच सांगितलं नाही.