हिरवी पट्टी बुटकी का?

निमगाव केतकीच्या बाजारतळावरचा मंडप माणसांनी गच्च भरला होता. पडद्यावर एकेक करून लाल पट्ट्या उभ्या राहिल्या. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया. सगळ्या उंच. शेवटी आपल्या देशाची हिरवी पट्टी आली, बुटकी. शंख वाजला आणि बायांनी हात जोडले.

"कॅन्सरचे आकडे हायेत हे!" रक्षानाथ महाराज गरजले. "लाखामागं अमेरिकेत साडेतीनशेच्या वर, आपल्याकडं शंभर! त्यांच्याकडं यंत्रं, आपल्याकडं माझ्या धुनीची रक्षा! आन् ज्या घरानं माझी रक्षा घेतली, तितं तर शून्य! अट एकच. तपासणीला जायचं न्हाय. यंत्राची सावली पडली, की रक्षा उतरली!"

माझी लेक सुप्रिया दोरापलीकडं, बायकांत, सासूशेजारी बसली होती. तिला काटेवाडीला दिलंय. तिच्या छातीत गाठ झाली होती. तिच्या आईला, माझ्या अनसूयेला, तशीच होती. ती याच रक्षेवर राहिली आणि गेली. आता सुप्रियाच्या सासूनं, कौसल्याबाईंनी, सगळ्या घराला रक्षेची शपथ घातली होती. लेकीच्या सासरच्या कारभारात बापानं बोलायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. मला रात्रंदिवस ती गाठ दिसायची आणि तोंड शिवलेलं. मंडपातही तसंच. दाराशी सेवेकरी उभे, आरतीशिवाय कुणाला सोडत नव्हते.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर आसावरी उठल्या.

"या डॉक्टरीणबाई! दुकान बसलं व्हय?" महाराज म्हणाले. मंडप हसला.

"आकडे खरे आहेत," आसावरीबाई म्हणाल्या. मग लोकांकडं वळल्या. "डेअरीतलं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं, तर काय होतं?"

"समद्यांचं दूध एक नंबर!" मागून गेणबा ओरडला. "तवा माज्या पान्यालाबी म्हशीचा भाव!"

"पाणी कमी होतं का, गेणबा?"

"छ्या! उलट वाढतंय की."

"मग? त्या देशांत राहणीमान वेगळं, म्हणून हा रोगही काहीसा जास्त. ते खरंच आहे. पण तिथं बाई धडधाकट असतानाच तपासतात, म्हणून सापडतो. आपल्याकडं कित्येक जणी न तपासताच जातात. त्या या पट्टीत येतच नाहीत. आता दुसरी पट्टी सांगते, जी महाराज दाखवत नाहीत. स्तनाचा कॅन्सर सापडलेल्या सहा जणींत तिथं साधारण एक दगावते. आपल्याकडं जवळजवळ निम्म्या. उशिरा येतात म्हणून. आणि रक्षेच्या घरांतलं शून्य? तपासायचंच नाही म्हटल्यावर सापडणार काय?"

महाराजांनी चिपळी आपटली. "बास! माझ्या एका घरातला रोगी दावा. हाय का कुणी?"

सुप्रियानं मान खाली घातली. मी उठलो.

"माझी अनसूया," मी म्हणालो. "छातीची गाठ फुटली, वास सुटला, आन् ती वारली."

"तिला कॅन्सर हुता असं कोन म्हनलं? तपासलं हुतं?"

"न्हाय. तुमीच तपासू दिलं न्हाय. बाई मेली, पर तुमच्या पट्टीत ती आजारीसुदिक पडली न्हाय!"

मी दोराशी गेलो.

"विहीणबाई, लेकीला दवाखान्यात नेतोय."

"दादा, शपथ मोडंल," कौसल्याबाई कुजबुजल्या. "तुमी आमच्या घरात बोलताय."

"बोलतोय. तिच्या आईच्या टायमाला कुणी बोललंच न्हाय. चल, सुप्रिया."

ती दोराखालून आली. सेवेकरी आडवा झाला, तेव्हा गेणबानं त्याला बाजूला केलं.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती. सुप्रियाचे उपचार चालू आहेत. काटेवाडीचं दार आम्हाला अजून बंद आहे. देशाच्या पट्टीत एक बाई वाढली, हिरवी पट्टी केसभर उंच झाली. होऊ दे. त्या केसभर उंचीत माझी लेक जिवंत आहे.

कुणी आपला आकडा लहान म्हणून टाळ्या मागितल्या, तर आधी विचारा, तपासलं किती जणांना? आणि घरातल्या बाईला तपासून आणा. लाजू नका, थांबू नका.