कोंडाजीच्या घराण्याला शोभेल असा सापळा

मित्रांनो, टाकवे बुद्रुकमधल्या एका गोठ्यात गव्हाणीमागे गंजत पडलेला लोखंडी सापळा तो मीच. लांबी दीड हात. माझ्या जबड्यात एखादं बकरू सहज मावेल, आणि मला घडवलं होतं घूस धरायला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फार काही नाही.

छत्तीस सालचा शिमगा नुकताच झाला होता. कोंडाजीच्या माजघरात कणगीजवळ जमिनीतून ताजी माती वर आलेली दिसली. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, छातीइतकी उंच कोठी. तिच्यात आंबेमोहोराचं बियाणं होतं. रोहिणी नक्षत्रावर रोपं टाकायची ती त्यातूनच, म्हणजे घरादाराचं पुढच्या वर्षाचं जेवण त्या कणगीत होतं. कोंडाजी तडक दत्तोबा लोहाराकडे गेला.

दत्तोबा गुणी कारागीर, पण तोंडानं तिखट. त्यानं भाता थांबवला आणि विचारलं, "आबा, जनावराचं पाऊल केवढं हाय? जमिनीवर राख पसरा, ठसा उमटंल, तो काडीनं मोजून आणा."

"पाऊल कशाला? माझं घर बघ केवढं हाय," कोंडाजी म्हणाला. "त्या शेजारच्या महिपतीकडं हातभर सापळा हाय. माझा दीड हात पायजे. घराण्याला शोभला पायजे."

"आबा, घूस काय घराणं बघून पाय ठेवती व्हय?"

"तू घडव. मला शिकवू नगंस."

दत्तोबानं कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. कामशेतजवळ मोडून पडलेल्या एका लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा त्याच्याकडे होता. तो तापवून, ठोकून त्यानं माझी कमान केली, दोन जबडे केले आणि मधे पाय पडायची थाळी बसवली. काम चोख होतं, खोटं कशाला सांगू? पण एवढी भारी कमान अडवून धरायची तर थाळीही तितकीच ताठ लागते. अंगावर कुत्र्याएवढं वजन पडल्याशिवाय ती खाली जाणार नव्हती. घुशीचं वजन ते किती? शेर, दीड शेर. मला उचलून देताना दत्तोबा पुटपुटला, "बिबट्या आला तर घावंल." कोंडाजीला ती तारीफच वाटली.

पहिले आठ दिवस माझं काय ते कौतुक झालं! येईल त्या पाहुण्याला कोंडाजी माजघरात आणायचा, माझे जबडे फाकवायचा आणि थाळीवर काठी दाबायचा. खाडकन काठीचे दोन तुकडे व्हायचे, पाहुणे मागं सरायचे आणि कोंडाजी मिशीवरून हात फिरवायचा. महिपतीसुद्धा येऊन बघून गेला. चार काठ्या मोडल्या, पण घुशीचा एक केस माझ्या दाताला लागला नाही.

ती यायची नाही असं नव्हे. रोज यायची. दुपारी घरातली सगळी शेतावर राब भाजायला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला, गेली की भिंतीच्या कडेनं, कणगीमागच्या बिळातून ती डोकं काढायची. खोबऱ्याच्या आमिषाला ती हुंगायचीसुद्धा नाही, कारण आंबेमोहोर पुढ्यात असताना वाळकं खोबरं कोण खाईल? माझ्या थाळीवरून ती उंबरा ओलांडावा तशी जायची आणि कणगीच्या बुडाला मागच्या बाजूनं पाडलेल्या भोकात शिरायची. मी सगळा जोर लावायचो. थाळी तसूभर हलायची नाही. चोर माझ्या जिभेवरून चालत जातो आणि मला तोंड मिटता येत नाही, या संतापाला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

आता रतनबाईबद्दल सांगतो. ती कोंडाजीची सून. तिचं माहेर भाज्याचं. तिचा नवरा सोपान लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होता आणि रविवारी तेवढा घरी यायचा. रतनबाई फार नेटकी. कोंबडं आरवायच्या आत उठून सगळं माजघर झाडायची आणि शेणानं सारवायची. कणगीमागची ताजी माती, घुशीच्या पावलांचे ठसे, सगळं तिच्या झाडूखाली आणि सारवणाखाली जायचं. मी मनात ओरडायचो, बाई, एक दिवस आळस कर. पण आळस तिला ठाऊकच नव्हता.

कोंडाजीची बायको धोंडाबाई हिनं कणगीच्या आतून चुन्याचं बोट ओढून ठेवलं होतं. बियाणं त्या खुणेच्या वीतभर खाली गेलं, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा. त्याच सकाळी रतनबाई कणगीमागून उठली ती पदर मुठीत धरून.

"पदरात काय हाय?" धोंडाबाईनं विचारलं.

"सांडलेलं भात हाय, आत्याबाई. मागं पडलं व्हतं, परत कणगीत टाकते. माती बी निघतीय तितं अजून."

"माती मला तर कवा दिसली न्हाई."

"सकाळी झाडून काढते मी."

"झाडून काढती व्हय? एवढा मोठा सापळा लावलाय, घूस असती तर एवढ्यात घावली नसती का? माझं बियाणं भाज्याला जातंय, दुसरीकडं कुटं न्हाई."

रतनबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आत्याबाई, त्यो सापळाच..." एवढंच ती बोलली. कोंडाजी दारात आला होता. "सापळ्याला नाव ठेवू नगंस," तो म्हणाला. "आख्खा गाव बघून गेलाय त्याला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि त्यात साक्षीला मला उभं केलं. सापळा रिकामा, म्हणजे चोर दोन पायांचा. धोंडाबाईनं हे घरात ठेवलं असतं तरी बरं होतं, पण तिनं पाणवठ्यावरही सांगितलं. रविवारी सोपान आला, तोवर कोंडाजीनं सुनेला माहेरी धाडायचं ठरवलं होतं. त्यानं सगळं ऐकलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि "आबा म्हणत्याल तसं" म्हणाला. दुपारच्या गाडीनं तो बायकोला मळवलीला उतरवून भाज्याला सोडून आला. जाताना ती रडली नाही. पाण्याची घागर भरून ठेवली आणि गेली.

आता माजघर सारवायला कोण? धोंडाबाईची कंबर धरलेली. पहिल्या दिवशी तिनं कशीबशी पुढची बाजू झाडली, दुसऱ्या दिवशी तेवढंही जमलं नाही. तिसऱ्या सकाळी ती बियाणं बघायला आली आणि थबकली. कणगीमागं टोपलीभर ताजी माती होती. त्या मातीवरून पावलं निघाली होती ती सरळ माझ्या थाळीवर, थाळीवरून पलीकडे. चुन्याच्या खुणेखाली बियाणं आणखी चार बोटं उतरलं होतं, आणि सून तर भाज्यात होती.

मला वाटलं, सुटलो. पण माणसं अशी सुटत नाहीत. धोंडाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि ती माती टोपलीत भरून परड्यात टाकून आली. आठ दिवस तिनं हेच केलं. जेवताना ताट अर्धं सोडून उठायची आणि सकाळी पुन्हा टोपली घेऊन कणगीमागं जायची. शेवटी एके दिवशी तिनं कोंडाजीला हाताला धरून आणलं आणि पावलं दाखवली.

कोंडाजीनं ती बघितली आणि माजघराचं दार लोटून घेतलं. "झाकून ठेव," तो म्हणाला. "लोक हसत्याल."

"हसू द्या," धोंडाबाई म्हणाली. "लेकराच्या जिवाला घोर लावला आपण." आणि पावलावर काडी धरून, तेवढीच मोडून, ती वाकलेल्या कमरेनं दत्तोबाकडे गेली. दत्तोबानं काडी बघितली आणि भाता ओढायला घेतला. वीतभर लांबीचा, बोटाच्या टिचकीनं मिटेल असा हलका सापळा त्यानं दोन दिवसांत करून दिला. लावल्याच्या दुसऱ्या दुपारी घूस त्यात सापडली.

मग नवराबायको दोघं भाज्याला गेली. धोंडाबाईनं व्याह्यांच्या अंगणात चार माणसांसमोर चूक कबूल केली, असं मागाहून कळलं. रतनबाई परत आली. तिनं माजघर सारवलं, चूल पेटवली, सगळं पहिल्यासारखं केलं. रोहिणी लागली तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "रतन, बियाणं तू काढ. तुझ्या हातनं काढ."

रतनबाईनं सूप उचललं आणि कणगीपासून दोन पावलं लांब उभी राहिली. "न्हाई आत्याबाई," ती म्हणाली. "तुमीच काढा. मी सूप धरते."

तिच्या आवाजात राग नव्हता. पुढची नऊ वर्षं, धोंडाबाई होती तोवर, दर रोहिणीला ती म्हातारी दुखऱ्या कमरेनं पाटावर चढून कणगीत वाकायची आणि सून खाली सूप धरून उभी राहायची. कणगीच्या आत रतनबाईचा हात पुन्हा कधी गेला नाही.

घूस सापडली त्याच संध्याकाळी कोंडाजीनं मला गोठ्यात फेकलं होतं. तेव्हापासून मी इथे आहे. धार गेली, कमान गंजली, थाळी जाम झाली. त्याचं मला दुःख नाही, मी तसाही कोणाच्या कामाचा नव्हतो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे तुमच्याकडे, की सापळा घ्यायला जाल तेव्हा घराचं माप घेऊन जाऊ नका, जनावराच्या पावलाचं घेऊन जा. आणि तरीही सापळा रिकामा राहिला, तर पहिली शिवी सापळ्याला द्या. मी लोखंड आहे, मला काही होत नाही.