नुएनाच्या वाटणीची रोटी

मी शेळी बोलतेय. पत्र्याचे तुकडे, जुन्या तारा आणि मोडक्या गाडीचं एक दार जोडून केलेल्या गोठ्यात माझा जन्म झाला. आमच्या वाळवंटात गवत उगवत नाही, म्हणून मी पुठ्ठा खाते, चिंध्या खाते. एकदा मालकाची चप्पलही खाल्ली. मला चार पोटं आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर कुरकुर केलेली नाही.

माणसाला पोट एकच. पण ते किती छळू शकतं, हे मी माझी मालकीण नुएना हिच्याकडे पाहिलं.

आमची वस्ती सहरावी निर्वासितांची. मायदेश सुटला, राहायला तंबू आले, आणि खायला जे ट्रकमधून येईल ते. ट्रकमधून येतो गहू. या लोकांचे पूर्वज उंटिणीच्या दुधावर जगले. आता सकाळी रोटी आणि दुपारी गव्हाच्याच रव्याचं कुसकुस. नेमका हा गहूच इथल्या कितीतरी जणांच्या आतड्याला सोसत नाही. पण बोलायचं कुणाला? धर्माची गाय आणि दात का गं नाय!

नुएनालाही तोच आजार निघाला. सीलियाक म्हणतात त्याला. डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला आणि तिच्या वाटणीची रोटी माझ्यापुढे येऊ लागली. मी गुबगुबीत झाले. ती मात्र वाळतच गेली.

आमच्यात बाई वाळली की घराची अब्रू जाते. नुएनाची नणंद तफर्राह स्वतः चांगली भारदस्त, तंबूत तिरकी होऊन शिरायची. तिला हे कसं बघवणार?

"माझ्या भावाच्या बायकोची हाडं मोजता येतात," ती म्हणाली. "लोक विचारतात, तुमच्याकडे सुनेला जेवायला घालत नाहीत का?"

"ताई, डॉक्टरांनी गहू नको म्हटलंय."

"गहू कोण देतंय तुला? हा जव आहे. आपल्या आज्या-पणज्या यावरच पोसल्या. खा मुकाट्याने."

माझ्याच दुधात शिजवलेली जवाची खीर, वर माझ्याच लोण्याचा गोळा. रोज संध्याकाळी नणंदबाई स्वतःच्या हाताने भरवायची आणि वाडगं रिकामं होईपर्यंत उठायची नाही. असल्या मायेपुढे पळायलाही जागा नसते.

तरी उतार पडेना, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाटलं, ही गहू चोरून खाते. नुएनाने आपल्या मुलीची, सल्काची शपथ घेतली. मग ते गंभीर झाले. त्या संध्याकाळी दूध काढताना तिने मला सगळं सांगितलं. ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

"क्वचित कुणाचा हा आजार पथ्यालाही दाद देत नाही म्हणे. आतड्याला व्रण पडतात. त्यातून कर्करोगही होतो. माझ्या सल्काचे दुधाचे दातसुद्धा अजून पडायचेत गं."

तिचे हात गार होते. मला फार वाईट वाटलं. रोटी घशाखाली उतरेना. थोड्या वेळाने उतरली.

शेजारणींनी तीन-तीन पेले चहा पिऊन निदान केलं. एक म्हणाली, दृष्ट लागली. दुसरी म्हणाली, एका घासाने कुणी मरतं का? आणि पदराआडून बिस्किटं काढली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कसं यायचं!

एका दुपारी नुएना माझ्या गोठ्यापाशीच पोट धरून कोसळली. आतडं व्रणाच्या जागी फाटलं होतं. मोठ्या शहरात नेऊन तुकडा कापावा लागला. बरोबर तफर्राह होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ही खाते काय? तिने अभिमानाने जवाची खीर सांगितली, लोण्यासकट.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "गव्हातलं जे हिला बाधतं, तेच जवातही असतं."

म्हणजे आजार हट्टी नव्हता, माया हट्टी होती. गाठ निघाली नाही, ही देवाची कृपा. पण यापुढे गव्हाचा किंवा जवाचा एक घासही चालणार नाही, असं बजावून त्यांनी तिला घरी सोडलं.

आता बाई मरणाच्या दारातून परतली म्हटल्यावर मेजवानी ठरलीच. बेत असा: मोठ्या परातीत कुसकुस, वर मांस आणि भोवती सगळा गोतावळा.

"तू वरवरचं मांस तेवढं खा," तफर्राह म्हणाली.

"ताई, माझं ताट वेगळं. भाताचं."

"वेगळं ताट? पाहुणे म्हणतील, यांचं घर फुटलं."

"माझं आतडं फाटलं, ताई. घराचं काय ते चहा पिताना समजावून सांगू त्यांना."

 तिन्हीसांजेला तफर्राह जवाची पिशवी घेऊन गोठ्यात आली, सगळी माझ्यापुढे रिकामी केली आणि तिथेच जमिनीवर बसली. "माझ्या हाताने भरवलं गं तिला," एवढंच म्हणाली. इतक्या मोठ्या बाईला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

उद्या मेजवानी आहे. माझं दूध आटलंय आणि आदल्या संध्याकाळी शेळीला एवढा जव कुणी उगाच घालत नाही. माझी तक्रार नाही. एकच विनंती आहे: माझा पहिला तुकडा नुएनाच्या भातावर ठेवा, कुसकुसला लागण्याआधी.

जव मी सगळा खाल्ला. भूक नव्हती, तरी वाळूत सांडलेले दाणेसुद्धा जिभेने टिपून घेतले. सकाळी कुणाच्या मायेला पुन्हा भरतं आलं, तर पातेल्यात टाकायला एक दाणा सापडता कामा नये.