सहा वर्षं न विणलेली बाज

मी बाज. पलंग नव्हे, दिवाण नव्हे, साधी बाज. चार पाय, चार दांड्या आणि मधे दोराची वीण. वीण नसली तर मला कोणी बाज म्हणत नाही, नुसती चौकट म्हणतात. अशी नुसती चौकट होऊन मी सहा वर्षं काढली. त्याचीच हकीकत सांगते. मला घाई नाही. तुम्हालाही नसेल तर बरं.

माझा जन्म तीर्थपुरीचा. बाजाराच्या रस्त्याला कचरू मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक लिंब आणि लिंबाखाली एक पोतं. कुणाच्या तरी बांधावरची बाभूळ त्यानं वर्षभर सावलीत वाळवली आणि मग सावकाश तासली. मला त्यानं एकही खिळा लावला नाही. म्हणायचा, "खिळा गंजतो. लाकडाला लाकूडच धरून ऱ्हातं."

रामप्रसाद मला डोक्यावर घेऊन घरी आला तेव्हा तिशीत असेल. शाळेत तो कधी गेला नव्हता, पण हाताला कसब होतं. त्याच्या बायकोला, उषाबाईला, दिवस गेले होते. तिची आई लहानपणीच वारलेली. माहेरी बाळंतपण करायला कोणी बाई नव्हती, म्हणून ते सासरीच करायचं ठरलं. रामप्रसादनं सुंभ आणला, उकिडवा बसला, आणि दोन दिवसांत मला विणून उभी केली.

आमच्याकडं बाळंतिणीला बाजेवर शेक देतात. बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकायचा. धग विणीतून वर येते आणि दुखरी कंबर मोकळी होते. गादीच्या पलंगातून धग कुठली वर यायला? म्हणून घर गरिबाचं असो की बऱ्यापैकी, बाळंतिणीला बाज लागतेच.

मुलगी झाली, तिचं नाव दैवशाला. ती माझ्यावर चाळीस दिवस निजली. माझ्यावरच बसायला शिकली, माझ्यावरूनच पहिल्यांदा पडली. उषाबाई माझ्यावर कुरडया वाळवायची आणि कावळे हाकत बोलायची, "माझं झालं तसं झालं. पर माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच करीन. चाळीस दिवस बाजेवरून पाय खाली टेकू देणार न्हाई."

माणसं बोलून जातात आणि विसरतात. आम्ही लाकडं विसरत नाही.

सुंभ किती वर्षं टिकणार? जिकडंतिकडं तुटला, मधे झोळ पडला. उषाबाई म्हणाली, "अहो, एवढी बाज विणून द्या. कंबर धरून राह्यली माझी." रामप्रसादनं त्याच दिवशी विळ्यानं जुनी वीण कापून काढली. वाटलं, आता नवा दोर येणार. तो म्हणाला, "गहू निघाला की विणतो." गहू निघाला. मग म्हणाला, "मोसंबीला पाणी देऊन झालं की." पाणी देऊन झालं. तो आळशी माणूस नव्हता हो. शेतातलं काम त्यानं कधी टाळलं नाही. पण घरातलं काम कुठं पळून जातंय, असं त्याला वाटायचं.

तो सबंध उन्हाळा उषाबाई जमिनीवर झोपली. पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात गेली.

त्यानंतर रामप्रसादनं मला विणलं नाही. मागच्या खोलीत टाकलं, माझ्या दांड्यांवर एक फळी आडवी टाकली आणि वर सामान रचायला लागला. तेलाचे रिकामे डबे, ठिबकच्या तुटक्या नळ्या, मोसंबीचे क्रेट, पंख नसलेला कूलर. कोणी काही टाकायला निघालं की तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, कामाला येईल." मोडक्या छत्र्या एकट्या अकरा होत्या. सामान वाढत वाढत खिडकीच्या वर गेलं. खोलीत दिवसाही अंधार झाला. मला वाटतं, त्याला सामान ठेवायचं नव्हतं. मी दिसू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं.

शेजारच्या रहिमुन्निसाबाई कधी काही मागायला आल्या की दारातूनच म्हणायच्या, "रामप्रसादभाई, या खोलीत उंदीर बी रस्ता चुकतात. कधी साफ करता?"

"करतो उद्या."

"तुमचा उद्या लई शरमिंदा आहे बाबा. घराच्या आत येतच न्हाई."

तो हसायचा आणि विडी पेटवायचा.

दैवशाला जुन्या जालन्यात दिली आहे. नवरा भारत कापडाच्या दुकानात आहे, माणूस भला. तिला नववा सरत आला तेव्हा फोन आला. रामप्रसादला फोन कानाला लावायचं जमत नाही, तो स्पीकर चालू करतो, म्हणून मलाही सगळं ऐकू येतं.

"आबा, मला तिकडंच यायचंय. पर आत्याबाई नको म्हणून राह्यल्या. आई न्हाई, मंग तिथं कोण करणार म्हणत्यात."

मागून तिच्या सासूचा, विहीणबाई गिरिजाबाईंचा, आवाज आला. "व्याही, राग मानू नका. मी दिवाळीला आल्ते. पोरीला टेकवावं एवढी जागा तुमच्या घरात न्हाई. पंधरा दिवसांनी येऊन बघते. जागा बराबर असली तर दवाखान्यातून तिकडंच आणू. न्हाईतर इथंच बरं."

फोन बंद झाला. रामप्रसाद उंबऱ्यावर येऊन बसला. भिंतीपलीकडून रहिमुन्निसाबाईंनी सगळं ऐकलं होतंच. त्या आल्या आणि कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "जचगीचं, बाळंतपणाचं सगळं मी बघते. माझ्या हाताखालून सहा पोरी गेल्या. तुम्ही फक्त खोली खाली करा. आणि बाज विणा."

'बाज' हा शब्द त्या घरात सहा वर्षांनी निघाला.

पहिल्या दिवशी त्यानं एक डबा बाहेर काढला, पुसला, त्याच्याकडं बघत बसला आणि परत आत ठेवला. दुसऱ्या दिवशी रहिमुन्निसाबाई दारात पाट टाकूनच बसल्या. त्यानं एकेक वस्तू हातात घ्यायची आणि त्यांनी विचारायचं, "सहा सालात कामाला आली?"

"न्हाई, पर..."

"पर गेला भंगारात. दुसरी दाखवा."

छत्र्यांवर मोठं भांडण झालं. तो म्हणाला, "काड्या चांगल्या हाईत." त्या म्हणाल्या, "हाईत ना. मंग पाऊस आला की काड्या धरून उभे ऱ्हावा." शेवटी अकराही छत्र्या गेल्या. मला हलकं वाटायला लागलं, ते तेव्हापासून.

पण सगळंच टाकलं नाही. एकदा हात चालायला लागले तशी रामप्रसादचं जुनं कसब परत आलं. तेलाचा डबा मधोमध कापून, आतून माती लिंपून त्यानं शेगडी केली. मोसंबीच्या दोन क्रेटांची बाळाच्या कपड्यांना मांडणी झाली. जुन्या धोतराचे लंगोट फाडले, आणि रहिमुन्निसाबाईंनी त्यांच्या कडा शिवल्या. आठव्या दिवशी खिडकी उघडली. सहा वर्षांनी माझ्या पायांवर ऊन पडलं. एका पायाला वाळवी लागली होती. त्यानं ती खरवडली, घासलेट चोळलं, आणि मला पालथी घालून सगळे सांधे ठोकून घट्ट केले.

आता राहिला दोर. कोपऱ्यात उषाबाईची पत्र्याची पेटी होती. तिच्यात सात सुती लुगडी, धुऊन घडी घातलेली. रहिमुन्निसाबाई पेटीकडं बघून म्हणाल्या, "सुती आहे. दोर लई नरम होतो."

"त्याला हात न्हाई लावायचा," रामप्रसाद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या पोरीच्या लग्नाला त्या अंबडला गेल्या. इथंच घोटाळा झाला.

गल्लीतल्या बायकांनी रामप्रसादला जुन्या साड्या दिल्या. चकचकीत, गुळगुळीत, नायलॉनच्या. त्यानं त्यांच्या पट्ट्या फाडल्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसऱ्या टोकात काठी अडकवून पीळ द्यायचा, मग दोन पट्ट्या एकमेकींत गुंफायच्या. तीन दिवस दोर वळला आणि दोन दिवस मला विणलं. काय दिसत होते मी! लाल, पोपटी, मोरपंखी. गल्ली बघायला आली. तो दर घडीला हात फिरवून म्हणायचा, "बिलकुल तुटणार न्हाई."

तुटणार नाही हे खरं होतं. पण शेक हे बायांचं काम. दैवशालाच्या वेळी तो चाळीस दिवस ओसरीवर झोपला होता. बाजेखाली काय होतं, ते त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

गिरिजाबाई ठरल्या दिवशी आल्या. खोली बघितली, खिडकी उघडून मिटून बघितली. "छान केलंय हो व्याही," म्हणाल्या. रामप्रसाद खुशीत आला. "शेगडी बी केली. पेटवून दाखवतो," म्हणाला, आणि निखारे घालून शेगडी माझ्याखाली सरकवली.

आधी वास आला. मग मधली वीण आक्रसली, काळी पडली, आणि एक दोर वितळून निखाऱ्यात टपकला. मला भाजलं त्याचं काही नाही. रामप्रसादचं तोंड मला बघवेना.

गिरिजाबाईंनीच शेगडी ओढून काढली. ओरडल्या नाहीत. पदरानं धूर वारत म्हणाल्या, "व्याही, तुमच्या मायेला मी नाव ठेवत न्हाई. पर ह्याच्यावर ओली बाळंतीण असती तर? पाच दिवसांवर तारीख हाय. पोरगी आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"मला तीन दिवस द्या," रामप्रसाद म्हणाला.

"तीन दिवसांत काय व्हतं?"

"बाज व्हती."

त्या दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "फोन करा. पर झाली तरच करा."

त्या गेल्यावर त्यानं विळा घेतला आणि सगळी वीण कापली. मग पेटी उघडली. पहिलं लुगडं जांभळं होतं. ते मांडीवर घेऊन तो बसला तो ऊन कलेपर्यंत. मला वाटलं, झालं. आता घडी घालून परत ठेवणार आणि म्हणणार तेच, जे नेहमी म्हणतो.

तेवढ्यात रहिमुन्निसाबाई अंबडहून आल्या. जमिनीवरचे काळे दोर बघून सगळं उमजल्या. समोर बसल्या आणि हात पुढं केला. "द्या इकडं. मी फाडते. तुम्ही तोंड फिरवा."

"न्हाई," तो म्हणाला. "तिनं विण म्हणलं तवा मी विणली न्हाई. आता तोंड कशाला फिरवू?"

त्यानं काठ दातात धरला आणि लुगडं फाडलं. चर्र असा लांब आवाज झाला. मग दुसरं, मग तिसरं. रहिमुन्निसाबाई पीळ द्यायला बसल्या. सुती दोर वळताना हाताखाली लोण्यासारखा मऊ लागतो, आणि वळला की दगडासारखा बसतो. सहा लुगडी माझ्यात गेली. सातव्याची बाळासाठी चार दुपटी झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची गाठ बसली. या वेळी त्यानं आधी रहिमुन्निसाबाईंकडून निखारे किती, शेगडी कुठं, सगळं विचारून घेतलं. शेगडी माझ्याखाली ठेवली आणि स्वतः माझ्यावर आडवा झाला. "भाजलं तर मला भाजू द्या," म्हणाला. धग वर आली, वीण जागची हलली नाही. थोड्या वेळानं बघितलं, तर गडी घोरत होता. फोन रहिमुन्निसाबाईंनीच लावला. "गिरिजाबाई, बाज झाली. तुमचे व्याही तिच्यावर झोपले. उठवू का?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "झोपू द्या. पोरीला तिकडंच आणते."

जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी दैवशाला तिला घेऊन माझ्यावर टेकली. पहिला शेक सुरू झाला. खिडकी उघडी होती. तिचा हात विणीवरून फिरता फिरता एका जांभळ्या दोरापाशी थांबला.

"आबा, हे आईचं?"

"हो." रामप्रसाद दाराशी उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "माय, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. तुझी आई शेवटचा उन्हाळा जमिनीवर झोपली. माझ्यापायी."

दैवशालानं बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय आबा. तिनं सांगितलं व्हतं. लई शिव्या दिल्त्या तुम्हाला." आणि डोळे पुसत म्हणाली, "आता ती शेगडी जरा तिकडं सरकवा. पाय भाजून राह्यले."

तो धावतच शेगडीपाशी गेला.

आज बाळाला सतरावा दिवस आहे. माझ्यावर आता फळी नाही, क्रेट नाहीत. एक बाई आहे, आणि मुठी आवळून झोपणारं एक इवलं माणूस आहे. वजन तसं काहीच नाही, पण मला सारखं लक्ष ठेवावं लागतं.

तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी सामानाखाली दबलेलं असेल. त्याच्यावर अजून एक डबा ठेवण्याआधी जरा बघा, ते कुणासाठी करायचं राहिलंय. ते माणूस अजून घरात असेल तर फार बरं. लगेच हात घाला. नसेल, तरी घालाच. दुसऱ्या कुणाला तरी त्याची गरज असतेच.

सुती दोर नवा असताना सैल पडतो, अधूनमधून ओढून घ्यावा लागतो. आज संध्याकाळी रामप्रसाद भाकरीचा पहिला घास मोडत होता, तेवढ्यात दैवशाला म्हणाली, "आबा, मधे झोळ पडलाय. उद्या ओढा."

त्यानं घास ताटात ठेवला आणि हात धुतला.

"बाळाला घे," म्हणाला. "ऊठ. आत्ताच ओढतो."

येते तर मी. मला ताठ व्हायचंय.