पूररेषेचा दगड वर आला

मित्रांनो, मी पूररेषेचा एक जुना दगड आहे. इंदूरहून हातोदकडे जाताना एक लहानशी नदी लागते. तिच्या काठापासून दोनशे पावलांवर मी उभा आहे. संस्थानच्या काळात मोठा पूर आला. पाणी जिथवर चढलं तिथे मला रोवलं आणि माझ्या अंगावर ते साल कोरलं. माझ्यापासून नदीपर्यंतची जमीन पुराची होती. पाणी यायचं, दोन दिवस पसरून राहायचं आणि गाळ ठेवून निघून जायचं. त्या गाळात काकड्या काय मजेत वाढायच्या!

इंदूरमधल्या तुकोगंजच्या शाळेतल्या सुमन कान्हेरे बाई भूगोल शिकवायला दरवर्षी मुलांना इथे आणायच्या. मुलं माझ्यावरचं साल मोठ्यानं वाचायची. मी फुशारून जायचो.

मग शहर सरकत आलं. डंपर मुरूम आणि मलबा ओतू लागले. आधी माझी कंबर बुडाली, मग साल, मग डोकं. वर प्लॉट आखले गेले. सहा वर्षं मी तसाच गाडलेला होतो.

निवृत्त झालेल्या बाईंनी या भरावाविरुद्ध तक्रार केली. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "कागदात दगडाचा उल्लेख आहे. पण दगड कुठाय?"

बिल्डरचा माणूस हसला. "मॅडमजी, इथे कधी पाणी आलंच नाही."

भराव सपाट करणारा जेसीबीवाला गेंदालाल तिथेच उभा होता. त्याची वस्ती नदीच्या खालच्या अंगाला. भराव पडल्यापासून दोन पावसाळे त्याच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. बाईंनी विचारलं, "भिया, पूर्वी तुमच्याकडे पाणी यायचं?"

"कभी नहीं, मॅडमजी."

"ते इथे थांबायचं. इथली जागा गेली, म्हणून आता तुमच्याकडे येतं."

गेंदालाल जेसीबीवर चढला. बिल्डरचा माणूस ओरडला, "ए, गाडी बंद कर!"

"पत्थर मैंने दबाया है, साब," गेंदालाल साहेबांना म्हणाला. "मैं ही निकालूंगा."

माझ्या अंगावर ऊन पडलं! बाईंनी पदरानं माती पुसली. साहेबांनी वाकून साल वाचलं आणि लिहून घेतलं. महिन्याभरात भराव काढायचा हुकूम निघाला. तेच डंपर मलबा भरून परत जाताना मी डोळे भरून पाहिले.

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली आणि आपल्या जागेत ऐसपैस पसरली. पाणी ओसरल्यावर गेंदालाल बायको-मुलींना घेऊन आला. धाकटी मला सांगू लागली, "हमारे घर में एक बूंद पानी नहीं आया!"

मित्रांनो, नदीकाठची मोकळी जमीन म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे पाणी विसावतं, म्हणून घरं कोरडी राहतात. तुमच्या गावातली तशी जागा शोधा, तिच्यावर पहिला डंपर रिकामा होईल त्याच दिवशी बोला. आम्हा दगडांना साहेबांसमोर बोलता येत नाही, तुम्हाला येतं.