एका भोकाचा राघू

"थांब. परत सांग. अक्षर बदलतंय, तरी काम तेच?" कल्लप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

त्यांची लेक श्रावणी रडकुंडीला आली होती. अकरा वाजता विद्यापीठात तिचं भाषण, त्यावर फेलोशिपची शिफारस, आणि मार्गदर्शक सरांनी बजावलेलं, "घरच्यांना समजलं नाही, तर इथंही कुणाला समजणार नाही."

"अप्पा, जनुक म्हणजे अक्षरांची लांब माळ. एखादं अक्षर बदललं तरी पुष्कळदा काम बिघडत नाही. मग आणखी एक बदलतं. अशी माळ हिंडत हिंडत लांब जाते, आणि..."

"आनि येक दिवस भलत्याच गावाला पोचती! अगं, हे तर मी केलंय की!"

कल्लप्पांनी बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात पुठ्ठ्यांना भोकं पाडली होती. भोक असेल तिथला धागा मागावर उचलला जातो, नसेल तिथला बसून राहतो. त्यातून नक्षी उठते. मान खाली घालून करायचं काम, त्यात कौतुक कुणाला? त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि दोन जुन्या चादरी पसरल्या.

"शेठ म्हनायचे, चादरीवरचं फूल बदलायचं न्हाय. पुठ्ठे झिजले की तसेच नवे पाडायचे. मला लई कंटाळा यायचा. मग दर खेपेला येक भोक गुपचूप हलवायचो. गिऱ्हाईक म्हनायचं, फूलच हाय. शेठबी म्हनायचे, फूलच हाय. पाकळ्या कवा वाकल्या, कुनाला कळलं न्हाय. आनि येका खेपेला येकच नवं भोक पडलं, अन् फुलाला डोळा फुटला. राघू!"

"शेठ ओरडले असतील!"

"वरडले की. मी कान धरून म्हनलं, चूक झाली. पर राघूच्या चादरी हातोहात खपल्या."

श्रावणी फुलाच्या आणि राघूच्या, दोन्ही चादरींकडे बघत राहिली. "तेच भोक पहिल्या फुलावर पाडलं असतं तर?"

"नुसता डाग पडला असता. डोळा शोभायला आधी चोच नको व्हय?"

"अप्पा!" तिनं त्यांना मिठीच मारली. "सहा महिने मी हेच सांगायला धडपडतेय!"

अकरा वाजता इस्त्रीच्या शर्टात कल्लप्पा शेवटच्या रांगेत अंग चोरून बसले. फळ्यावर त्यांच्या चादरी टांगलेल्या. भाषण संपलं, टाळ्या थांबेनात. शिफारस आजच लिहितो म्हणाले सर, आणि मग त्यांनी विचारलं, "पण हा राघू केला कुणी?"

श्रावणीनं मागं पाहिलं. जन्मभर 'चूक झाली' म्हणत आलेले कल्लप्पा उठले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी केला, सायेब," ते म्हणाले, आणि बसायचं विसरून उभेच राहिले.